ड्यूकचा २०२५चा संघ १९९९च्या संघापेक्षा गुणवान होता का?

जून २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) झाला. पहिलं नाव पुकारलं गेलं कूपर फ्लॅगचं. चौथं कॉन कनुपलचं, दहावं खमान मालुआचचं. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या फेरीत सायन जेम्स ३३वा आणि टायरीस प्रॉक्टर ४९वा गेला. हे पाचही जण नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाचे, आणि सामना सुरू होताना मैदानात उतरणारे पाच ते हेच. अख्खीच्या अख्खी पहिली पाचांची फळी व्यावसायिक झाली. तरीही एप्रिलमध्ये या संघाला कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं विजेतेपद मिळालं नव्हतं.

तेव्हापासून बास्केटबॉल पाहणाऱ्यांमध्ये एक वाद रंगतो आहे: हा ड्यूकचा आजवरचा सर्वांत गुणवान संघ होता का? १९९२चा, १९९९चा, २००१चा संघ आठवणारे लोक लगेच नकारार्थी मान हलवतात. तरुण मंडळी ड्राफ्टची यादी पुढे करतात. ड्यूकजवळच्या कॅरी-मॉरिसव्हिल भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथल्या मराठी घरांतली मुलं या संघांबद्दल पोटतिडकीने बोलतात, आणि इथल्या नातेवाइकांना प्रश्न पडतो की कॉलेजच्या संघाचं एवढं काय. म्हणून आधी थोडी पायाभरणी करू.

कॉलेजच्या खेळाला एवढं महत्त्व का

भारतात आंतरविद्यापीठ स्पर्धेचा निकाल पेपरात कोपऱ्यात येतो. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल हा स्वतंत्र, प्रचंड मोठा खेळव्यवहार आहे. ड्यूकचं कॅमेरून इनडोअर स्टेडियम १९४०पासूनचं आहे. त्यात जेमतेम ९,३०० माणसं मावतात, आणि जागेसाठी विद्यार्थी मैदानाबाहेर तंबू ठोकून राहतात. मार्च-एप्रिलमध्ये ६८ संघांची बाद फेरीची राष्ट्रीय स्पर्धा होते. एक सामना हरलात की संपलं. शेवटच्या चार संघांच्या टप्प्याला फायनल फोर म्हणतात.

ड्यूकने ही स्पर्धा पाच वेळा जिंकली आहे: १९९१, १९९२, २००१, २०१० आणि २०१५. पाचही वेळा प्रशिक्षक होते माइक शिशेव्हस्की. १९८०पासून २०२२पर्यंत ते तिथे होते. त्यांच्यानंतर सूत्रं आली जॉन शायर यांच्याकडे, जे २०१०च्या विजेत्या संघात स्वतः खेळले होते.

ड्राफ्ट ही एनबीएची वार्षिक निवड. संघ पाळीपाळीने नवे खेळाडू घेतात. फेऱ्या दोन, मिळून सुमारे ६० नावं. पहिल्या दहांत जाणारा मुलगा व्यावसायिक संघांच्या अंदाजाने पुढे मोठा होणारा असतो. ‘अंदाजाने’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण या वादातली निम्मी गफलत तिथेच होते.

गुणवत्ता मोजायची तीन ठिकाणं

‘गुणवान संघ’ असं म्हणताना लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी बोलत असतात.

पहिली, कॉलेजात येतानाची गुणवत्ता. शाळेतल्या मुलांची देशभर क्रमवारी लागते आणि तिच्यावरून कॉलेजं त्यांच्यामागे धावतात. दुसरी, कॉलेजातून जातानाची गुणवत्ता, म्हणजे ड्राफ्ट. तिसरी, त्या एका हंगामात मैदानावर प्रत्यक्ष दिसलेली ताकद. या तीन मापांनी ड्यूकचे तीन वेगवेगळे संघ पहिले येतात.

येतानाचं माप लावलं तर २०१९चा संघ घ्या. शाळांच्या क्रमवारीतले वरचे तिघे, आर. जे. बॅरेट, झायन विल्यमसन आणि कॅम रेडिश, एकाच वर्षी ड्यूकला आले. असं सहसा घडत नाही. पुढे झायन ड्राफ्टमध्ये पहिला गेला, बॅरेट तिसरा, रेडिश दहावा. पण तो संघ फायनल फोरपर्यंतसुद्धा पोचला नाही. मिशिगन स्टेटने त्यांना ६८-६७ असं एका गुणाने हरवलं. त्या संघाचं दुखणं सगळ्यांना माहीत होतं: दुरून मारलेल्या तीन गुणांच्या फटक्यांपैकी त्यांचे जेमतेम ३१ टक्के आत जायचे. प्रतिस्पर्धी बास्केटजवळ गर्दी करून उभे राहायचे आणि झायनला वाटच द्यायचे नाहीत. तीन हिरे होते, पण त्यांना जागा मोकळी करून देणारे नेमबाज नव्हते.

२०२५च्या संघाने हा धडा नीट घेतलेला दिसतो. फ्लॅगच्या आजूबाजूला कनुपल, प्रॉक्टर, जेम्स असे दुरून मारू शकणारे खेळाडू होते आणि मध्ये सात फुटांहून उंच मालुआच. फ्लॅगने सामन्याला सरासरी १९.२ गुण, ७.५ रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणं) आणि ४.२ असिस्ट (ज्यावर सहकारी गुण करतो असे पास) केले. मोसम सुरू झाला तेव्हा तो १७ वर्षांचा होता. डिसेंबरात त्याला अठरावं संपलं आणि जानेवारीत त्याने नोत्र दामविरुद्ध एकाच सामन्यात ४२ गुण केले. त्या वर्षीचा देशातला सर्वोत्कृष्ट कॉलेज खेळाडू तोच ठरला.

ड्राफ्टमध्ये किती गेले हे मोजून भागत का नाही

आता १९९२ घ्या. ख्रिश्चन लेटनर, बॉबी हर्ली, ग्रँट हिल यांचा तो संघ ३४ सामने जिंकला, दोन हरला आणि सलग दुसऱ्यांदा विजेता झाला. अंतिम सामन्यात मिशिगनचा ७१-५१ असा धुव्वा उडवला. पण त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्या संघातले फक्त दोघे दिसतात: तिसऱ्या क्रमांकावर लेटनर आणि ४८व्या क्रमांकावर ब्रायन डेव्हिस.

२०२५चे पाच, १९९२चे दोन. मग २०२५ सरस? हा हिशेब फसवा आहे. १९९२मध्ये चांगला खेळाडूसुद्धा कॉलेजात बहुधा चार वर्षं काढायचा. हर्ली १९९३ला सातवा गेला. ग्रँट हिल १९९४ला तिसरा गेला. त्या मोसमात पहिल्या वर्षाला असलेला चेरोकी पार्क्स १९९५ला बारावा गेला. थॉमस हिल, अँटोनियो लँग आणि एरिक मीक दुसऱ्या फेरीत निवडले गेले. एकूण आठ जण निघाले, फक्त ते चार ड्राफ्टमध्ये विखुरले गेले.

म्हणून संघाची तुलना करताना त्या वर्षीचा ड्राफ्ट पाहू नये. त्या संघातले किती जण पुढे कधीही निवडले गेले हे पाहावं. असं पाहिलं की १९९२चा संघ एकदम उंच दिसायला लागतो. आणि हेच औदार्य २०२५लाही दाखवायला हवं, कारण त्या संघातले काही जण २०२५नंतरही कॉलेजात राहिले आणि त्यांची नावं नंतरच्या ड्राफ्टमध्ये येऊ शकतात.

वय: या वादातला सर्वांत दुर्लक्षित आकडा

चार वर्षं राहायची रीत मोडली कशी? १९९०च्या दशकात काही मुलं शाळेतून थेट एनबीएत जाऊ लागली. एनबीएने २००६च्या ड्राफ्टपासून नियम केला की अमेरिकी खेळाडूला त्या वर्षात किमान १९ पूर्ण व्हायला हवीत आणि शाळा सुटून एक वर्ष उलटायला हवं. परिणाम असा झाला की सर्वांत हुशार मुलं कॉलेजात बरोबर एक वर्ष काढून निघून जाऊ लागली.

याचा तुलनेवर होणारा परिणाम फार मोठा आहे. १९९२च्या मार्चमध्ये लेटनर २२ वर्षांचा होता. केंटकीविरुद्ध १०४-१०३ असा संपलेला जादा वेळेतला सामना बास्केटबॉल पाहणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. त्या सामन्यात त्याने मैदानातून दहापैकी दहा फटके आणि दहापैकी दहा फ्री थ्रो (प्रतिस्पर्ध्याच्या फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके) आत घातले. शेवटच्या दोन सेकंदांत पाठ बास्केटकडे असताना चेंडू झेलून, वळून मारलेला फटका त्यातलाच. त्याच्यामागे आधीच्या तीन वर्षांचे फायनल फोर होते. तो पहिल्या वर्षीच निघून गेला असता तर तो फटका मारायला कोणी नसतं.

फ्लॅग १८व्या वर्षी जे करत होता ते लेटनर १८व्या वर्षी करत नव्हता. पण दोघांचे कॉलेज संघ समोरासमोर आणायचे असतील तर १८ वर्षांच्या फ्लॅगसमोर २२ वर्षांचा लेटनर उभा राहणार. १८ ते २२ या चार वर्षांत अंगातली ताकद वाढते, बचावात कुठे उभं राहायचं ते कळतं, शेवटच्या मिनिटात हात थरथरत नाही. ड्राफ्टमधला क्रमांक यातलं काहीच सांगत नाही. तो पुढच्या दहा वर्षांचा अंदाज सांगतो.

५ एप्रिल २०२५ला सॅन अँटोनियोत ड्यूक विरुद्ध ह्युस्टन या उपांत्य सामन्यात हेच दिसलं. ड्यूकने उत्तरार्धात १४ गुणांची आघाडी घेतली होती. शेवटच्या मिनिटात ती सहा गुणांची होती. त्यानंतरचे सलग नऊ गुण ह्युस्टनने केले आणि सामना ७०-६७ असा नेला. ह्युस्टनसाठी सर्वाधिक २६ गुण करणारा एल. जे. क्रायर कॉलेजच्या पाचव्या वर्षात होता, आणि निर्णायक फ्री थ्रो मारणारा जे’वान रॉबर्ट्स सहाव्या. कोविडच्या हंगामात खेळलेल्या मुलांना एक जादा वर्ष मिळालं होतं, त्यामुळे हे शक्य झालं. अशा पोक्त संघापुढे ड्यूकचा आधार होता पहिल्या वर्षाचे तीन मुलगे. फ्लॅगचा शेवटचा फटका आखूड पडला. मला त्या मुलाचं फार वाईट वाटलं. पण अठराव्या वर्षी तो चेंडू हक्काने मागून घ्यायला गेला, हेही विसरता येत नाही.

वेगवेगळ्या काळांचे आकडे एकत्र ठेवायचे कसे

इथे बरेच जण आकडेवारीकडे वळतात, आणि ते रास्त आहे. केन पॉमेरॉय यांची क्रमवारी कॉलेज बास्केटबॉलमध्ये सर्वांत जास्त वापरली जाते. तिची कल्पना साधी आहे. चेंडू एका संघाच्या हातात येतो आणि जातो, त्याला पझेशन म्हणतात. शंभर पझेशनमध्ये एखादा संघ किती गुण करतो आणि किती देतो ते मोजायचं, समोरचा संघ किती तगडा होता त्यानुसार दुरुस्त करायचं, आणि फरक काढायचा. या फरकात १९९९चा ड्यूक सर्वांत वर आहे, ४०च्या पुढे. २०२५चा ड्यूक सुमारे ३९वर आहे. म्हणजे विजेतेपद न मिळवताही तो त्या वर्षीचा सर्वांत वरचा आणि अलीकडच्या कित्येक विजेत्यांपेक्षा सरस ठरतो. (ही आकडेवारी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच असल्याने १९९२ तिच्यात येत नाही.)

मात्र हा आकडा आपल्या दहावीच्या टक्क्यांसारखा वाचायला हवा. १९८०च्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकलेल्या मुलाचे टक्के आज सांगितले तर शेजारचा शाळकरी पोरगाही विचारेल, “एवढेच?” आता सर्वोत्तम पाच विषय धरतात, क्रीडा-कलेचे वाढीव गुण मिळतात, आणि शंभर टक्के घेणारीही मुलं असतात. म्हणून तेव्हाचा मुलगा कमी हुशार ठरत नाही. त्याला विचारायचा खरा प्रश्न एकच: तुझ्या वर्षीच्या बाकीच्या मुलांपेक्षा तू किती पुढे होतास? पॉमेरॉय यांचा आकडा नेमकं एवढंच सांगतो. १९९९चा ड्यूक १९९९च्या बाकी संघांपेक्षा २०२५च्या ड्यूकहून थोडा जास्त पुढे होता. दोघांना एका मैदानात सोडलं तर कोण जिंकेल, हे त्यातून निघत नाही.

कारण परीक्षाच बदलली आहे. १९९२मध्ये फटका मारायला ४५ सेकंद मिळायचे. १९९३-९४पासून ३५ आणि २०१५-१६पासून ३० सेकंद मिळू लागले. तीन गुणांची रेषा तेव्हा बास्केटपासून सुमारे ६.०२ मीटरवर होती, आता ती ६.७५ मीटरवर आहे. १९९२चा संघ आजच्या रेषेवरून कसा मारेल, आणि आजची मुलं ४५ सेकंदांच्या सावकाश, धक्काबुक्कीच्या खेळात कशी टिकतील, दोन्ही प्रश्न खुलेच राहतात.

“पण आजचे खेळाडू उंच, वेगवान आणि जास्त तयार असतात”

हा आक्षेप खरा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. व्यायाम, आहार, व्हिडिओ पाहून केलेला अभ्यास, यांत तीस वर्षांत प्रचंड फरक पडला. शिवाय खेळाडू येतात कुठून, हेही पालटलं. मालुआच दक्षिण सुदानचा आहे, एनबीएच्या सेनेगलमधल्या अकादमीत तयार झाला, आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या देशाकडून खेळून मग ड्यूकला आला. प्रॉक्टर ऑस्ट्रेलियाचा. १९९२मध्ये अशा अकादम्या नव्हत्या आणि त्या वाटेने कोणी ड्यूकला येत नव्हतं. जगभरातून निवडायला मिळालं की वरचे पाच जण जास्त चांगले असण्याची शक्यता वाढतेच.

पण त्याच जगभराचा फायदा बाकीच्या कॉलेजांनाही मिळाला, आणि काही गुणी मुलं तर कॉलेजात न येता युरोपातूनच थेट एनबीएत जातात. निवडीचं क्षेत्र वाढलं तसे वाटेकरीही वाढले.

“पुढे एनबीएत कोण चमकलं ते पाहा, उत्तर मिळेल”

नाही मिळणार. २००१चा जेसन विल्यम्स कॉलेजातला जबरदस्त गार्ड (चेंडू हाताळून खेळ रचणारा खेळाडू) होता, २००२ला ड्राफ्टमध्ये दुसरा गेला, आणि २००३मध्ये मोटरसायकलच्या अपघाताने त्याची कारकीर्द संपली. म्हणून तो २००१मध्ये कमी गुणवान होता काय? त्याच संघातला कार्लोस बूझर दुसऱ्या फेरीत घसरला आणि पुढे एनबीएच्या ऑल-स्टार सामन्यासाठी, म्हणजे त्या हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, दोनदा निवडला गेला. ट्रेजन लँग्डन १९९९च्या ड्राफ्टमध्ये ११वा गेला, एनबीएत तीन हंगाम टिकला, आणि मग मॉस्कोच्या सीएसकेए संघाकडून युरोपातला सर्वोच्च करंडक दोनदा जिंकला. एनबीएला काय हवं असतं आणि कॉलेजच्या चाळीस मिनिटांत काय लागतं, यांत फरक आहे. पुढची कारकीर्द पाहून मागच्या संघाला मार्क देणं मला अन्यायाचं वाटतं.

“विजेतेपद नाही, मग कसला महान?”

हा आक्षेप सर्वांत जोरात येतो. त्यावर २०१०चा ड्यूक पाहा. त्या संघाने बटलरला ६१-५९ असं हरवून करंडक नेला. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्यातला एकही जण पहिल्या फेरीत नव्हता. शायर यांची तर निवडच झाली नाही. उलट १९९९चा संघ ३७ सामने जिंकला, सलग ३२ जिंकले, आपल्या लीगमध्ये १६ पैकी १६ जिंकले, आणि अंतिम सामन्यात कनेटिकटकडून ७७-७४ असा हरला. २०१०चा संघ १९९९पेक्षा गुणवान होता असं ड्यूकचा कट्टर चाहताही म्हणणार नाही. बाद फेरीत सहा सामने सलग जिंकायचे असतात. त्यातल्या एखाद्यात तीन गुणांनी इकडचं तिकडे होतं. करंडकाने संघाची जिद्द कळते, शेवटच्या मिनिटातला शांतपणा कळतो. पाचांची गुणवत्ता मोजायला मात्र तो फार ओबडधोबड आहे.

मग उत्तर काय

मला विचाराल तर १९९९.

एल्टन ब्रँड आत, बाहेरून लँग्डन, चेंडू विल्यम एव्हरीच्या हातात, बचावाला शेन बॅटिए, आणि सगळीकडे हात लावणारा ख्रिस कॅरावेल. ड्राफ्टमध्ये १३वा गेलेला कोरी मॅगेटी या संघात राखीव खेळाडू होता. बाकावरून असा माणूस उठून येतो तेव्हा समोरच्या प्रशिक्षकाच्या पोटात गोळा येतो. ब्रँड ड्राफ्टमध्ये पहिला गेला, एव्हरी १४वा. बॅटिए थांबला, २००१मध्ये देशातला सर्वोत्कृष्ट ठरला, करंडक जिंकला आणि मग सहावा गेला. सामन्यामागे सरासरी २४ गुणांच्या वर फरकाने जिंकणारा तो संघ होता. २०२५चा फरक सुमारे २० गुणांचा आहे, जो स्वतःही थक्क करणाराच आहे. शिवाय १९९९मध्ये लँग्डन पाचव्या वर्षात आणि ब्रँड-एव्हरी-बॅटिए दुसऱ्या वर्षात होते. गुणवत्ता होती आणि ती पिकायला थोडा वेळही मिळाला होता. २०२५ला तो वेळ मिळाला नाही. नुसती अठराव्या वर्षाची गुणवत्ता तोलायची असेल तर फ्लॅग, कनुपल आणि मालुआच या तिघांना मी ड्यूकच्या इतिहासातल्या कोणत्याही त्रिकुटाच्या वर ठेवीन, २०१९च्या तिघांच्याही.

त्याच वेळी १९९९च्या संघाने एक जुनी रीत मोडली हेही खरं. ब्रँड, एव्हरी आणि मॅगेटी हे शिशेव्हस्कींच्या कारकिर्दीत शिक्षण अर्धवट सोडून एनबीएत जाणारे पहिले. तिथून निघालेली वाट २०२५पर्यंत येते.

आता ती वाट पुन्हा वळते आहे. जुलै २०२१पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात, आणि जून २०२५मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं स्वतःही त्यांना पैसे देऊ शकतात. सगळ्या खेळांना मिळून वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. एका कॉलेजातून दुसरीकडे जाणंही सोपं झालं आहे. सायन जेम्स टुलेन विद्यापीठातून ड्यूकला आला तो त्याच मार्गाने. फ्लॅगसारख्याला हे पैसे थांबवू शकत नाहीत, पण दुसऱ्या फेरीत जायची धास्ती असलेला मुलगा आता आणखी एक वर्ष राहतो. आयझेया इव्हान्स आणि केलेब फॉस्टर २०२५नंतर ड्यूकलाच राहिले. त्यांच्या जोडीला नव्याने आले कार्लोस बूझरचे जुळे मुलगे, कॅमेरून आणि केडन. पहिल्या वर्षाचे असामान्य मुलगे आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे पोक्त खेळाडू एकाच संघात ठेवणं आता पुन्हा परवडण्यासारखं झालं आहे.